लेखक कोण, हे विचारायचे कशासाठी?

गेल्या आठवड्यात माझी दहावीतली भाची मराठीचे पुस्तक घेऊन बसली होती. धड्याखाली प्रश्न होता : लेखकाचा दृष्टिकोन तुमच्या शब्दांत स्पष्ट करा. तिने वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "मामू, गाइडमध्ये तयार उत्तर आहे. तेच लिहू का?" उत्तर असे होते की लेखकाचा दृष्टिकोन मानवतावादी असून त्याने समाजाला मोलाचा संदेश दिला आहे. मी आणखी दोन धड्यांची उत्तरे काढून पाहिली. तिथेही लेखक मानवतावादीच होता आणि संदेश मोलाचाच होता. "मग हे तिन्ही लेखक एकसारखेच आहेत का गं?" मी विचारले. ती हसली. "मार्क मिळतात ना, मामू!"

मार्क मिळतात, हे खरे. पण शाळेत ज्या प्रश्नाचे एकच उत्तर आपण पाठ करतो, तोच प्रश्न शाळेबाहेर वेगळ्या रूपात भेटतो आणि तिथेही आपल्याकडे तयार उत्तर असते. लेखकाचे नाव वाचायचे, आडनावावरून जात-धर्म ओळखायचा आणि "हा असा आहे म्हणून असे लिहितो" असे म्हणून पान उलटायचे. गाइडच्या उत्तरात लेखक दिसत नाही. आडनावाच्या उत्तरात मजकूर दिसत नाही. वाचन दोन्हीकडे होत नाही.

लेखक कोण, तो कुठे उभा आहे, कोणासाठी लिहितो आणि त्याला काय साधायचे आहे, हे विचारलेच पाहिजे. पण ते मजकूर नाकारण्यासाठी विचारायचे नाही. त्या मजकुरातले काय कितपत धरून चालायचे, हे ठरवण्यासाठी विचारायचे. एवढीच गोष्ट मला आज सांगायची आहे. ती मला फार उशिरा कळली आणि कळली ती फजितीतून. म्हणून आधी तीच सांगतो.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी नंदुरबार तालुक्यातल्या एका गावात शिवजयंतीला बोलायला मला बोलावले होते. मुसलमान वक्ता म्हणून बोलावले होते, हे मलाही ठाऊक होते आणि बोलावणाऱ्यांनाही. मी खाफीखानाचा दाखला दिला. मोगलांच्या पदरी असलेला हा इतिहासकार 'मुन्तखब-उल-लुबाब' या आपल्या फारसी ग्रंथात लिहितो की मशिदींना, कुराणाला आणि कोणाच्याही स्त्रियांना उपद्रव द्यायचा नाही, असा शिवाजी महाराजांचा आपल्या सैन्याला सक्त नियम होता. कुराणाची प्रत हाती लागली तर ते ती आदराने एखाद्या मुसलमान सेवकाच्या स्वाधीन करत. टाळ्या पडल्या. मला बरे वाटले.

कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त गुरुजी जवळ आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, छान बोललात. पण हाच खाफीखान महाराजांना काय काय नावं ठेवतो, ते का नाही सांगितलं?"

मी गडबडलो. खाफीखानाच्या लेखणीतून महाराजांसाठी अपशब्द आलेले आहेत, हे मला माहीत होते. मी ते मुद्दाम गाळले होते. म्हणालो, "गुरुजी, भर सभेत ते कसं सांगणार? लोकांना राग आला असता."

गुरुजी म्हणाले, "उलट तेच आधी सांगायला हवं होतं. शिव्या देणारा माणूस हे लिहितो, म्हणून तर त्याच्या लिहिण्याला किंमत आहे. तुम्ही शिव्या काढून टाकल्या आणि साक्षच हलकी करून टाकली."

घरी येताना एसटीत मी हाच विचार करत होतो. मला एकोप्यासाठी बोलायचे होते. माझा हेतू वाईट नव्हता. पण त्या हेतूपायी मी एका लेखकाला अर्धा कापला होता. दुसऱ्या टोकाची मंडळी त्याच खाफीखानातले फक्त अपशब्द काढून दाखवतात आणि म्हणतात, "बघा, हे लोक आपल्या राजाबद्दल काय लिहितात!" त्यांनी उरलेला अर्धा कापलेला असतो. कात्री दोघांच्या हातात असते. अख्खा खाफीखान कोणालाच नको असतो.

अख्खा खाफीखान वाचला तर काय दिसते? तो मोगल सत्तेचा नोकर आहे. त्याचा इतिहास मोगल घराण्याचा आहे. त्याच्या दृष्टीने शिवाजी महाराज हे बंडखोर शत्रू आहेत. अशा माणसाने शत्रूला दूषणे दिली, यात नवल नाही. ती दूषणे महाराजांविषयी फारसे काही सांगत नाहीत, खाफीखान कुठे उभा होता एवढेच सांगतात. पण त्याच जागेवरून, स्वतःच्या कलाविरुद्ध, तो जे मान्य करतो, ते वजनदार आहे. ते लिहून त्याला काही मिळणार नव्हते.

अर्थात हा नियमही डोळे मिटून लावता येत नाही. महाराजांचे निधन 1680 सालचे. खाफीखानाचा ग्रंथ पूर्ण झाला तो त्यानंतर कित्येक दशकांनी, मोगल सत्ता उताराला लागली असताना. अशा वेळी एखादा लेखक आपल्याच लोकांचे कान टोचण्यासाठीही मेलेल्या शत्रूचे गुण सांगू शकतो. म्हणून एका वाक्यावर सगळी इमारत उभी न करता दुसरी साधने काय म्हणतात, हेही पाहावे लागते. सेतुमाधवराव पगडींसारख्या अभ्यासकांनी मोगलकालीन फारसी साधने मराठीत आणली, ती यासाठीच. शत्रूचे कागद वाचल्याशिवाय आपलाही इतिहास पुरा होत नाही, हे त्यांना उमगले होते.

आडनावावरून ओळखू पाहाल तर

याच काळातला दुसरा लेखक आपल्या खानदेशाला अधिक जवळचा आहे. भीमसेन सक्सेना. 1649 साली बुऱ्हाणपुरात जन्मलेला कायस्थ. मोगल लष्करात हिशेब आणि नोंदी ठेवण्याच्या कामावर त्याने उमेदवारी केली आणि पुढे दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून दख्खनच्या मोहिमा पाहिल्या. 'तारीख-ए-दिलकुशा' हा त्याचा फारसी ग्रंथ.

आजच्या सवयीने आडनाव वाचून अंदाज बांधा बरे. हिंदू लेखक म्हणजे औरंगजेबाचा विरोधक आणि मराठ्यांचा चाहता? की मोगलांचा नोकर म्हणजे औरंगजेबाचा भाट? भीमसेन दोन्ही चौकटींत बसत नाही. बादशहाच्या लांबत चाललेल्या दख्खन मोहिमांवर तो नाराजी दाखवतो. गावे उजाड होणे, रयतेची नागवण, सैनिकांचे हाल, कारभारातली ढिलाई यांविषयी लिहितो. पण मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी झालेले नुकसानही तितक्याच रोखठोकपणे सांगतो. त्याची नजर ना पूजाघरातून आलेली आहे, ना दरबारातून. ती छावणीतून आली आहे. वर्षानुवर्षे तंबूत राहिलेल्या, पगार थकलेली माणसे पाहिलेल्या कारकुनाची ती नजर आहे.

म्हणजे लेखकाचा दृष्टिकोन त्याच्या धर्मावरून ठरतच नाही का? ठरतो, काही प्रमाणात. पण त्याचा व्यवसाय, त्याचे गाव, त्याचा पगार कुठून येतो, तो कोणाबरोबर जेवतो, या गोष्टीही तितक्याच जोराने ठरवतात. आपण आडनावापाशी थांबतो, कारण ते सर्वांत सोपे असते.

नवापूरचा तांदूळ कोणी पिकवला?

व्यवसायाने नजर कशी घडते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा जायचा. सतराव्या शतकात झां बाप्तिस्त टॅव्हर्निअर हा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. हिऱ्यांचा मोठा व्यापारी. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाला त्याने हिरे विकले. त्याचे प्रवासवर्णन 1676 साली पॅरिसमध्ये छापले गेले.

नवापूरबद्दल तो लिहितो की गाव मोठे आहे, विणकरांचे आहे, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा नेहमीच्या तांदळापेक्षा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा शुभ्र आणि वास कस्तुरीचा. हिंदुस्थानातले उमराव हाच तांदूळ खातात आणि इराणात कोणाला खूश करायचे असेल तर याचे एक पोते भेट न्यावे, असेही तो सांगतो.

आम्हा नंदुरबारकरांना हे वाचून अभिमान वाटतो आणि वाटायलाही हवा. साडेतीनशे वर्षांपूर्वी आमच्या तांदळाची कीर्ती इराणपर्यंत होती! पण जरा थांबून पाहा. त्या नोंदीत दाण्याचा आकार आहे, रंग आहे, वास आहे, भेट म्हणून त्याचे मोल आहे. तो तांदूळ पिकवणारा कोण, त्याच्या स्वतःच्या ताटात तो पडतो का, हे त्यात नाही. टॅव्हर्निअर खोटे बोलत नाही. तो व्यापारी आहे आणि व्यापाऱ्यांसाठी लिहितो आहे. हिरा पारखावा तसा त्याने तांदूळ पारखला. शेतकरी त्याच्या विषयपत्रिकेवरच नव्हता.

पुढे 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. 1825 साली जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली. 1880 मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा खंड निघाला. जमीन, पाऊस, पिके, जाती, रस्ते, बाजार यांची इतकी बारीक माहिती त्यात आहे की आजही अभ्यासकाचे त्यावाचून चालत नाही. पण तो लिहिला कोणासाठी? जिल्ह्यात नव्याने आलेल्या गोऱ्या साहेबासाठी. त्याला सारा वसूल करायचा होता आणि शांतता ठेवायची होती. त्यामुळे त्या काळच्या सरकारी कागदांत सातपुड्यातला आदिवासी बहुधा 'बंदोबस्ताचा प्रश्न' म्हणून येतो. त्याचा जंगलावरचा हक्क हा त्या कागदांचा विषय नसतो. तो हक्क आड येतो, तेव्हा त्याचे नाव 'उपद्रव' होते.

म्हणून लेखकाने काय लिहिले, याइतकेच त्याने काय लिहिले नाही, हे पाहायला मी भाचीला सांगतो. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे 69 टक्के आहे. दर दहांतली सात माणसे. आणि या जिल्ह्याबद्दलचा जो जुना छापील मजकूर आपण वाचतो, तो बव्हंशी उरलेल्या तिघांनी किंवा बाहेरून आलेल्यांनी लिहिलेला आहे. हे ध्यानात ठेवून वाचले तर गॅझेटियरही उपयोगी पडते आणि टॅव्हर्निअरही. हे विसरून वाचले तर आपणही नकळत साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसतो.

एक शब्द, तीन बाजू

हे फक्त जुन्या पोथ्यांचे झाले असे वाटत असेल, तर नर्मदेकडे चला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली 33 गावे आली. ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांतले पहिले. या एका घटनेवर जितके कागद लिहिले गेले, तितके या जिल्ह्यातल्या दुसऱ्या कशावरच लिहिले गेले नसतील.

त्या कागदांतले शब्द पाहा. सरकारी फायलीत माणूस 'प्रकल्पग्रस्त' असतो. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, तसा प्रकल्पग्रस्त. जणू आभाळातून काही कोसळले आणि कोणी काही केलेच नाही. आंदोलनाच्या पत्रकात तोच माणूस 'विस्थापित' असतो. म्हणजे कोणीतरी त्याला उठवले आहे. आणि गुजरातेत नर्मदा 'जीवादोरी' असते, कारण कच्छ-सौराष्ट्रातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा हे तिथले रोजचे दुःख आहे. यातला एकही शब्द खोटा नाही. पण लिहिणाऱ्याने एक शब्द उचलला की तो कोणत्या काठावर उभा आहे, हे कळते. म्हणून दृष्टिकोन शोधायला प्रस्तावना वाचायची गरज नसते. लेखक माणसांना कोणत्या नावाने हाक मारतो, ते बघावे.

याच प्रकरणात खाफीखानाचा धडा मला पुन्हा भेटला. जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. विरोध वाढला तेव्हा बँकेने 1991 मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. जून 1992 मध्ये समितीचा अहवाल आला. आहे त्या परिस्थितीत सर्व बाधितांचे नीट पुनर्वसन होणे शक्य नाही, पर्यावरणाचा विचार पुरेसा झालेला नाही आणि बँकेने मागे सरून फेरविचार करावा, असा त्याचा सूर होता. मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले.

हेच मुद्दे आंदोलनाचे लोक आधीपासून मांडत होते. तेव्हा उत्तर मिळायचे, "ते तर विरोधकच आहेत, ते असेच म्हणणार." कर्ज देणाऱ्यानेच नेमलेल्या समितीने तेच लिहिले, तेव्हा हे उत्तर चालेना. मात्र यातून एक उलटा प्रश्नही उभा राहतो आणि तो मला टोचतो. डोंगरातल्या माणसाने स्वतःच्या घराबद्दल सांगितले तेव्हा त्याचा 'स्वार्थ' दिसला. परदेशी साहेबाने तेच सांगितले तेव्हा ते 'तटस्थ' ठरले. ज्याचे घर बुडते आहे त्याचा हेतू असणारच. पण घर कुठवर बुडते, हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार?

ओल आहे की नाही, हात घालून पाहा

इथे वाचकाची नेहमीची चूक लक्षात येते. हेतू सापडला की आपल्याला वाटते, खोटेपणा सापडला.

नंदुरबारच्या बाजारात मिरचीच्या हंगामात उभे राहा. शेतकरी लाल मिरची घेऊन येतो. व्यापारी म्हणतो, "ओल जास्त आहे, वाळवल्यावर वजन घटेल." तो हे भाव पाडण्यासाठी म्हणतो, हे पोरालाही कळते. पण म्हणून मिरची कोरडी ठरते का? ती ओली असूही शकते. त्याचा हेतू कळल्यावर शहाणा शेतकरी भांडत बसत नाही आणि मान्यही करत नाही. तो ढिगात हात घालतो. हेतू कळला की तपासायचे कुठे, ते कळते. तपासणी मात्र आपल्यालाच करावी लागते.

इस्लामी विद्येत या गोष्टीचे एक अख्खे शास्त्र आहे. पैगंबरांच्या वचनांना आणि कृतींना हदीस म्हणतात. प्रत्येक हदीसला दोन भाग असतात. एक मतन, म्हणजे मूळ मजकूर आणि दुसरी सनद, म्हणजे हे कोणी कोणाकडून ऐकले त्याची साखळी. त्या साखळीतल्या माणसांची चरित्रे लिहून ठेवली गेली. स्मरणशक्ती कशी होती, खोटे बोलल्याची नोंद आहे का, ज्याच्याकडून ऐकल्याचे सांगतो त्याला तो खरोखर भेटू शकला असता का, हे सारे तपासले गेले.

पण हे करणाऱ्यांनी सरसकट 'आपला' आणि 'परका' अशी वाटणी केली नाही. इमाम बुखारींच्या संग्रहात इम्रान इब्न हित्तान या खारिजी पंथाच्या माणसाचे कथन आहे. त्याचा पंथ त्यांना मान्य नव्हता, तरी त्याचा सच्चेपणा त्यांनी मान्य केला. अनेक हदीसतज्ज्ञांचे म्हणणे असे होते की वेगळ्या मताचा माणूस सच्चा असेल तर त्याचे घ्यावे. मात्र तो आपल्याच पंथाला बळ देणारे काही सांगत असेल, तर तिथे अधिक सावध व्हावे. गुरुजींनी मला खाफीखानाबद्दल जे सांगितले, त्याचीच ही दुसरी बाजू.

कुराणातल्या सूरह हुजुरातमध्येही अविश्वासू माणसाने आणलेल्या बातमीबद्दल आदेश आहे. ती फेकून द्या, असा तो आदेश नाही. पडताळा, असा आहे. नाहीतर अजाणतेपणी कोणावर तरी अन्याय कराल आणि मग पस्तावाल. आम्ही मुसलमान हा वारसा अभिमानाने सांगतो आणि मोबाईलवर आलेला मजकूर, कोणी लिहिला हे न पाहता, दहा जणांना पुढे पाठवतो. त्या मजकुराला ना सनद असते, ना लेखकाचे नाव. हिंदू मित्रांचे मोबाईलही याला अपवाद नाहीत. निनावी मजकुराबाबत एकच प्रश्न पुरतो : हे वाचून मला कोणाचा राग यावा, असे लिहिणाऱ्याला वाटते? त्याचे उत्तर मिळाले की हेतूही मिळतो.

माझे नावही वाचा, पण नंतर

आता थोडे माझ्याबद्दल. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक कमी आहेत, असे मी एकदा एका स्थानिक दैनिकात लिहिले. पहिली प्रतिक्रिया आली, "तुम्ही मदरशांबद्दल का लिहीत नाही?" पुढे आमच्या मोहल्ल्यातल्या लग्नांतल्या उधळपट्टीबद्दल लिहिले, तर आमच्यातल्याच एका बुजुर्गांनी विचारले, "कोणाच्या सांगण्यावरून लिहितोस?" पहिल्याने माझे नाव वाचून हेतू ठरवला. दुसऱ्याने विषय वाचून मालक ठरवला. शाळेत शिक्षक आहेत की नाहीत आणि लग्नात कर्ज होते की नाही, हे दोघांनीही विचारले नाही.

माझे दुःख फार मोठे नाही. हमीद दलवाईंनी याच्या शंभरपट सोसले. 1970 साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. मुसलमान समाजातल्या अनेकांनी त्यांचा हेतू आधीच ठरवून टाकला आणि त्यांचे लिखाण वाचलेच नाही. दुसऱ्या बाजूच्या अनेकांनी ते आनंदाने वाचले, पण निम्मेच. मुस्लिम जातीयवादावरची टीका उचलली आणि हिंदू जातीयवादावर त्यांनी केलेली टीका सोडून दिली. माझे दलवाईंशी काही बाबतींत मतभेद आहेत. पण मतभेद करायलाही माणूस आधी पुरता वाचावा लागतो.

माझे नाव बाजूला ठेवून वाचा, असे मी म्हणणार नाही. ते शक्यही नाही. मी मुसलमान आहे, नंदुरबारचा आहे, मराठीत लिहितो. या तिन्ही गोष्टींनी माझी नजर घडवली आहे आणि काही ठिकाणी ती अधूही केली आहे. नवापूरचे रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत असेल, तिथे फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते. एकाच बाकावर दोघे बसतात आणि दोघांची राज्ये वेगळी असतात. बसलेल्याने आपण कोणत्या बाजूला आहोत, ते लपवू नये. वाचणाऱ्याने तेवढ्यावरून तो काय बोलला असेल, ते ठरवू नये.

विनंती एवढीच आहे की क्रम बदला. आधी मजकूर वाचा. लेखकाचे म्हणणे, त्याला मान्य होईल अशा शब्दांत, स्वतःला एकदा सांगून पाहा. मग त्याचे नाव-गाव, धंदा आणि वाचक कोण, हे विचारा. त्याने काय गाळले ते शोधा. त्याच्या सोयीचे जे असेल ते जास्त तपासा आणि त्याच्या गैरसोयीचे असूनही त्याने जे लिहिले, त्याची विशेष नोंद घ्या. आणि ही सगळी कसोटी आधी आपल्या आवडत्या लेखकाला लावा. नावडत्याला लावायला कोणीच शिकवावे लागत नाही.

भाचीला मी गाइडमधले उत्तर लिहू दिले नाही. त्याऐवजी तीन प्रश्न दिले : लेखकाने हे कोणासाठी लिहिले असेल? धड्यात कोणती माणसे बोलतात आणि कोणती फक्त दिसतात? आणि तुला कुठे पटले नाही? तासाभराने ती वही घेऊन आली. शेवटच्या प्रश्नाखाली लिहिले होते की धड्यात आई सारखी स्वयंपाकघरातच आहे, तिला काय वाटते हे लेखकाने एकदाही विचारलेले नाही.

"मामू, हे लिहिलं तर मार्क कापतील का?" तिने विचारले.

कदाचित कापतील. पण त्या दिवशी तिने तो धडा खरोखर वाचला होता.